४८ हजारांचा पॅरालीगल कोर्स करू का?

प्रश्न : ताई, मी कराडची. वय ३४, बी.कॉम. ५३ टक्क्यांनी पास. सहा वर्षं एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग आणि फायलींचं काम करते. पगार ११ हजार. एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन पॅरालीगल (वकिलांचा कायद्याच्या कामातला मदतनीस) सर्टिफिकेट कोर्स बघितला. फी ४८ हजार, हप्ते करून देतात. कोर्सनंतर स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते, पुण्यात २५-३० हजारांची नोकरी सहज मिळते, असं त्यांनी फोनवर सांगितलं. सासूबाई स्वतःची चेन मोडायला तयार आहेत. मुलगी चौथीत आहे. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. सुनेच्या शिक्षणासाठी गळ्यातली चेन काढून देणारी सासू सगळ्यांच्या नशिबी नसते. पण ती चेन त्यांच्या गळ्यातच राहू द्या. या कोर्ससाठी मोडू नका.

फोनवर तुम्हाला जे ‘स्वतंत्र प्रॅक्टिस’ म्हणून सांगितलं, ते धडधडीत खोटं आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे कोर्टात वकिली फक्त सनद (बार कौन्सिलने दिलेला वकिलीचा परवाना) असलेल्यालाच करता येते. सनद नसताना कुणी ती केली, तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पॅरालीगलला आपल्याकडे वेगळा परवाना नाही, सनद नाही. कोर्स केला किंवा नाही केला, वकिलांच्या देखरेखीखाली काम करायला तुम्हाला आजही कुणी अडवत नाही. जी संस्था पहिल्याच फोनवर असं सांगते, तिच्या नोकरीच्या आश्वासनावर मी तरी विसंबणार नाही.

आता हिशोब. ४८ हजार म्हणजे तुमचा चार महिन्यांहून जास्त पगार. हे पैसे दोन वर्षांत वसूल व्हायचे तर पगार महिना २ हजारांनी वाढायला हवा, आणि ती वाढ त्या कागदामुळेच मिळायला हवी. तुमच्या साहेबांना सरळ विचारा, ‘हा कोर्स केला तर पगार किती वाढवाल?’ उत्तर तिथल्या तिथे मिळेल. पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये पॅरालीगल म्हणून माणसं घेतात, हे खरं. पण माझ्या ओळखीच्या फर्ममध्ये त्या खुर्च्यांवर एलएल.बी. झालेली किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) करणारी मुलं बसली आहेत. शिवाय पुण्यात खोलीभाडं, मुलीची शाळा, तिथे तिला सांभाळणार कोण, हे सगळं त्या २५ हजारांतून वजा करून बघा.

मीसुद्धा वकिलांच्या ऑफिसात कारकुनीच करत होते, म्हणून एक प्रसंग सांगते. १९९९ ची गोष्ट. साहेब कोर्टात होते आणि एक पेंड-खताचे दुकानदार परत आलेला चेक घेऊन आले. चेक परत आल्याच्या बँकेच्या मेमोवरची तारीख बघितली आणि पोटात गोळा आला. तेव्हा चेक न वटल्याच्या कलम १३८ ची नोटीस मेमो मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावी लागायची (३० दिवसांची मुदत २००३ पासून आली), आणि तो १५ वा दिवस होता. मी नोटीस टाइप केली, कोर्टाच्या व्हरांड्यात साहेबांना गाठून सही घेतली आणि पोस्ट बंद व्हायच्या आत रजिस्टर एडी केली. पावती फाइलला टाचताना हात थरथरत होते. पुढच्या महिन्यात साहेबांनी न मागता पगार वाढवला. ते मेमोवरची तारीख वाचणं मी कुठल्या वर्गात शिकले नव्हते. रोज फायली हाताळून ते अंगात मुरलं होतं.

सहा वर्षांत तुमच्याही अंगात असं बरंच मुरलं असणार. म्हणून आज रात्री वहीत लिहून काढा, साहेबांनी न सांगता मी काय काय करू शकते? नकलेचा अर्ज, वकीलपत्र, कोर्ट फी, ई-फायलिंगची पीडीएफ, सीएनआर नंबर (कोर्टाने प्रत्येक केसला दिलेला क्रमांक) टाकून पुढची तारीख आणि रोजनामा (त्या दिवशीच्या कामाची नोंद) बघणं, हे बहुधा येत असेल. जमिनीच्या व्यवहाराचा ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, येतो का? सातबारा, फेरफार आणि इंडेक्स दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) समोर ठेवून मालकीची साखळी मधे कुठे तुटली आहे ते सांगता येतं का? तालुक्याच्या गावी याला खरी मागणी आहे. दुसरं म्हणजे, १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. फसवणुकीचं जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे, पोटगीचं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४. जुनी आणि नवी कलमं शेजारी-शेजारी लिहून एक तक्ता केलात, तर ऑफिसातले ज्युनिअरसुद्धा तुम्हाला विचारायला येतील. याला मूळ कायद्याचं पुस्तक आणि रोजचा एक तास लागतो.

कागद हवाच असेल, तर इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, बारावीनंतर करता येतो. चालू फी त्यांच्या माहितीपत्रकात बघा आणि ४८ हजारांशी ताडून पाहा. विधी सेवा प्राधिकरण ‘पॅरालीगल व्हॉलंटिअर’ निवडतं, त्याचं प्रशिक्षण मोफत असतं. पण तिथे कामाच्या दिवसापुरतं मानधन मिळतं, पगार नव्हे. गावातल्या बाईला मोफत वकील मिळवून देण्याचं ते काम फार मोलाचं आहे, फक्त त्यावर घर चालणार नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘स्वतंत्र प्रॅक्टिस’ हे शब्द तुम्ही अधोरेखित केले आहेत. मला वाटतं, तुम्हाला खरं तर काळा कोट हवा आहे. तसं असेल तर रस्ता तीन वर्षांच्या एलएल.बी.चा. पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के लागतात, तुमचे ५३ आहेत. सीईटी द्यावी लागेल. पत्रद्वारा, घरबसल्या केलेली एलएल.बी. बार कौन्सिल मानत नाही आणि हजेरी ७० टक्के लागते, म्हणजे नोकरीची वेळ बदलून घ्यावी लागेल. ही अडचण मोठी आहे, मी ती लहान करून सांगणार नाही. फीचं मात्र आधी नीट विचारून घ्या. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. ती तुम्हाला आणि त्या कॉलेजला लागू होते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचारा. आणि सनदेचा खर्च ऐकून घाबरू नका. बार कौन्सिलांनी कायद्यात ठरलेल्या फीपेक्षा जास्त घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं आहे, आणि खुल्या प्रवर्गासाठी ती फी ७५० रुपये आहे.

संस्थेचा परत फोन येईल, ‘आज शेवटची तारीख’ म्हणतील. तारीख जाऊ द्या. साहेबांशी आधी दोन गोष्टी बोला, पगार आणि कॉलेजसाठी सकाळची वेळ. ते काय म्हणाले ते मला कळवा. सीईटीच्या अर्जात कुठे अडलात, तर तेही लिहा.