सई, त्या हसण्याबद्दल

प्रिय सई,

"आई, मी नुसतं 'च्यायला' म्हटलं तरी तू डोळे वटारतेस. आणि तिथं तो माणूस जे काही बोलत होता त्यावर तुम्ही सगळे, आज्जीसुद्धा, खो खो हसत होतात. हेच का तुमचं मराठी कल्चर?" मंडळात दादा कोंडक्यांवरचा माहितीपट पाहून घरी येताना तू हे विचारलंस. मला लागलं, हे खरं. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून लिहूनच उत्तर देते. समोरासमोर बोलायला गेले की मी समजूत घालायला लागते आणि तू मोबाइल बघायला लागतेस.

आधी त्या माहितीपटाबद्दलच माझी तक्रार आहे. दादांच्या सिनेमांतले तुकडे त्यांनी पाच-दहा सेकंदांचे करून लावले होते. शेवटचं वाक्य, मग हशा, मग सोफ्यावर बसलेलं कुणीतरी: "असा कलावंत पुन्हा होणे नाही." दादांचा विनोद असा शेंडा खुडून दाखवता येत नाही. त्याला आधी निदान मिनिटभराचा प्रसंग लागतो. आमच्या पिढीला तो आधीचा भाग पाठ असतो, त्यामुळे आम्ही शेवटच्या वाक्यालाच हसतो. तुझ्या वाट्याला नुसता चावटपणा आला.

तो आधीचा भाग कसा रचतात ते सांगते. दादांचं वाक्य न घेता साधंच उदाहरण घेऊ. पाटील परगावी गेलेत. शेजारचा भोळा गडी पाटलीणबाईंना विचारतो, "मालक न्हाईत, तर रातचं पाणी म्या देऊ का?" कॅनॉलच्या पाण्याची पाळी रात्रीची आली तर कुणीतरी रानात जाऊन बारं धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला लागतं. त्याचं विचारणं तेवढंच आहे, अगदी सरळ आणि मदतीचं. पण भिंतीआड कोतवाल उभा आहे आणि त्यानं भलतंच ऐकलंय. तो खाकरतो. गडी बिचारा आणखी समजावून सांगायला जातो, "दोन तासांचं तर काम, कुणाला कळायचं बी न्हाई," आणि आणखी खोलात रुततो.

आता यात काय काय सांभाळावं लागतं बघ. सरळ अर्थ पुरा बसला पाहिजे, ओढूनताणून नाही. वस्तू किंवा काम रोजच्या हातातलं हवं: पाणी, बैल, जातं, घागर. दुसरा अर्थ आधी दुसऱ्या पात्राच्या चेहऱ्यावर उमटला पाहिजे, म्हणजे दोन्ही चेहरे एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. कॅमेरा एकट्या बोलणाऱ्याच्या तोंडावर नेला की निम्मा विनोद गेला. आणि मुख्य म्हणजे बोलणाऱ्यानं हसायचं नाही, डोळा मारायचा नाही, त्याला स्वतःला काही कळलंय असं दाखवायचं नाही. तो हसला की तो भोळा राहिला नाही, नुसता आंबटशौकीन झाला. नाटकात हशा ओसरेपर्यंत थांबता येतं. सिनेमात पडदा थांबत नाही. म्हणून हशाच्या जागेपाठोपाठ कामाचं वाक्य ठेवायचं नाही. तिथं एखादं "आं?" किंवा आधीचंच वाक्य पुन्हा. नाहीतर पुढचा संवाद हशात बुडतो आणि त्यानंतरचा विनोद फुकट जातो.

तू विचारलंस ना, एवढा बाप्या अर्ध्या चड्डीत का? ती लोंबती नाडी काही उगीच नव्हती. तसल्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या गावात शेतकरी धोतराखाली घालत. दादांनी धोतर काढलं आणि चड्डी तेवढी ठेवली. चड्डीतला मोठा माणूस म्हणजे अंगानं वाढलेलं पोर. पोरानं काहीही बोललं तरी त्याच्या मनात पाप नसतं, पाप ऐकणाऱ्याच्या मनात. सेन्सॉरची पंचाईत हीच व्हायची. कात्री लावायची तर शब्द दाखवावा लागतो, आणि शब्द तर सगळे सोवळ्यातले!

हे दादांनी एकट्यानं शोधलेलं नाही. आमच्या यात्रेत तमाशा लागायचा, त्यातनंच हे आलं. आधी गण, म्हणजे सगळे ओळीनं उभे राहून गणपतीला नमन. मग गौळण. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांच्यापुढं मावशी, म्हणजे डोक्यावरनं पदर घेतलेला पुरुषच. कृष्ण आणि त्याचा लंगडा सवंगडी पेंद्या वाट अडवतात, दुधा-लोण्याचा कर मागतात. दुहेरी बोलणं इथंच सुरू होतं, देवाच्या तोंडून आणि सगळ्या गावासमोर. त्यानंतर बतावणी, म्हणजे सोंगाड्याची विनोदी बोलाचाली, आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट. वगाची लिहिलेली वही बहुधा नसायचीच. फडाचा सरदार गोष्ट सांगायचा आणि संवाद उभ्या उभ्या व्हायचे. मागं ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. सोंगाड्याचं काम सगळ्यात अवघड, कारण राजाला राजासारखं बोलायचं असतं, पण सोंगाड्याला गावच्या सरपंचापासून दिल्लीपर्यंत कुणाचीही टोपी उडवायची असते, तीही ढोलकीचा ठेका न चुकवता.

दादा नायगावच्या चाळीत वाढलेले, जन्म १९३२ चा. मूळ गाव भोरजवळचं इंगवली. अपना बाजारमध्ये नोकरी आणि सेवा दलाच्या कलापथकात काम, अशी सुरुवात. १९६५ साली वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य आलं. सबनीस शिकलेसवरलेले लेखक. त्यांनी वगाला नीट संहिता दिली, आणि दादांनी हवालदाराच्या कामात ती रोज मोडली. सकाळच्या पेपरातली बातमी रात्रीच्या प्रयोगात यायची, त्यामुळे प्रयोगाची लांबी रोज वेगळी. १५०० च्या वर प्रयोग झाले. त्यातला एक आशा भोसल्यांनी पाहिला आणि सिनेमा दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे दादांसाठी शब्द टाकला. त्यातून भालजींचा 'तांबडी माती' आला १९६९ ला, आणि १९७१ ला 'सोंगाड्या'. दादरच्या कोहिनूरला देव आनंदच्या हिंदी सिनेमापायी 'सोंगाड्या' लागेना, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थेटरापुढं उतरले आणि सिनेमा लागला. माहितीपटात यावर बराच वेळ घालवला होता. मला विचारशील तर तेवढ्या वेळात 'सोंगाड्या'तला एक प्रसंग अख्खा दाखवायला हवा होता. पुढं दादांच्या नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे प्रत्येक पंचवीस आठवडे चालला. गिनीज बुकात नोंद आहे.

आमच्याकडे मात्र कोहिनूर नव्हतं, तंबू थेटर होतं. चैत्रात यात्रा भरली की यायचं. प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवलेला. तंबूच्या एका टोकाला ट्रक, दुसऱ्या टोकाला पडदा, मधे दोर बांधलेला. दोराच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बापे. खाली माती, बसायला घरनं आणलेलं पोतं. १००० फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं, म्हणून दोन-दोन जोडून एक करत. तरी वीस-बावीस मिनिटांनी रीळ बदलायला दिवा लागायचाच, आणि दिवा लागला की सगळे एकदम सभ्य चेहरे करून बसायचे. प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांच्या ठिणगीचा. जळून त्यांच्यातलं अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायचा, मग शिट्ट्या, मग ऑपरेटर चाक फिरवून कांड्या जवळ आणायचा.

गावापर्यंत येणारी प्रत शहरात झिजून आलेली असायची. फिल्म तुटली की तुटक्या टोकाच्या दोन-चार चौकटी कापून सांधा चिकटवायचा. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या वीसेक चौकटी पुढं धावते, त्यामुळे सांधा जिथं दिसतो तिथला आवाज जात नाही, जरा आधीचा किंवा नंतरचा जातो. म्हणजे दादांचं तोंड हलायचं आणि नेमका शब्द गायब! मग तो शब्द अंधारातनं कुणीतरी म्हणायचं. बहुतेकदा दोराच्या बायांकडच्या अंगानं. आणि तंबू कोसळेल असा हशा.

ज्या बायांना घरात मोठ्यानं हसायची चोरी होती, त्या तिथं हसायच्या. तुझी आज्जी त्यांच्यातलीच. पदर तोंडात धरून, पण हसायच्या. कुणी काही अभद्र बोललंच नव्हतं ना! बोलणारा पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होता आणि ऐकणारीला आपण पाण्याच्या पाळीलाच हसलो असं म्हणता येत होतं. परवा हॉलमध्ये आज्जी हसली ती तशी. तिला तू "चीप" म्हणालीस, ते तिनं ऐकलं नाही, बरं झालं.

आता दुसरी बाजू. यात्रा उठली की तीच वाक्यं एसटी स्टँडवर पोरं मुलींना ऐकवायची. शब्द तेच, सरळ अर्थही शाबूत, पण बोलणारा भोळा नसायचा, आणि ऐकणारीला हसायची मुभा नव्हती, खाली मान घालून फलाट बदलायची तेवढी. हे मला माहीत आहे, म्हणून तुझ्या प्रश्नावर "तुला कळायचं नाही" असं मी म्हणणार नाही. त्या पोरांचा दोष दादांच्या माथी मारायचा का, यावर माझं आणि बाबांचं एकमत नाही. ते म्हणतात, सुरीनं भाजीही चिरतात. मला तेवढं सोपं वाटत नाही.

शिवाय दादांचे सगळे सिनेमे एका पायलीचे नाहीत. सुरुवातीच्या सिनेमांत फजिती होते ती ज्याच्या हातात काहीतरी सत्ता आहे त्याची: सावकार, पुढारी, पोलीस. चड्डीतला गडी खालून टोचतो आणि वरचा माणूस उघडा पडतो. १९८० नंतर हळूहळू फजिती नायिकेच्या वाट्याला यायला लागली. दादांनी पन्नाशी गाठलेली, नायिका कोवळ्या, आणि भोळेपण चेहऱ्यावर टिकेना. हिंदीत तर सिनेमाच्या नावातच सगळं उरकायला लागले. १९८६ चा 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' घे. सरळ अर्थ जागेवर आहे, तक्रारीला जागा नाही, पण आधी प्रसंगच नाही. पोस्टरच डोळा मारतं. ते मलाही आवडत नाही, आणि त्या दिवशीच्या तुकड्यांत निम्मे तुकडे याच काळातले होते.

एक मात्र सांगते. याला अश्लील म्हणणारे बरेचसे लोक तमाशाला आणि तमाशातल्या माणसांनाच नाक मुरडणारे होते. फडातले कलावंत बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. वाड्यातल्या लोकांना लावणी चालायची, ती गाणारीला ओसरीवर पाणी चालायचं नाही. आमच्या घरात भाऊआजोबा दादांचं नाव काढू द्यायचे नाहीत, आणि संस्कृत नाटकातला विदूषक मात्र कौतुकानं समजावून सांगायचे. तोही काही फार सोवळा नसतो. तेव्हा एखादी गोष्ट 'चीप' आहे म्हणताना, तसं आधी कोण म्हणालं होतं आणि का, एवढं बघावं. तुला शिकवत नाही, मी स्वतः अजून बघते आहे.

राहता राहिलं 'च्यायला'. त्यावर डोळे वटारते, कारण त्यात एकच अर्थ आहे आणि तू तो मायक्रोवेव्हला उद्देशून म्हणतेस. ट्रॅफिकमध्ये मी काय म्हणते ते तू ऐकलंयस, त्यामुळे याबाबतीत फार ताणत नाही.

बघायचंच असेल तर 'सोंगाड्या'पासून सुरू कर. आईच्या धाकातला नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि आई त्याला घराबाहेर काढते, ती आई म्हणजे रत्नमाला. तिच्याकडे नीट लक्ष दे, दादांचा भोळेपणा निम्मा तिच्या चेहऱ्यावर उभा आहे. मग १९७५ चा 'पांडू हवालदार', त्यात तरुण अशोक सराफ आहेत आणि दोघांच्या वाक्यांमधला थांबा मोजून बघण्यासारखा आहे. रील्सवरचे तुकडे बघू नकोस, अख्खा सिनेमा लाव. आवाज कुठं उडाला तर आज्जीला शेजारी बसव, तिला सगळं पाठ आहे. फक्त रविवारी दुपारी नको, तेव्हा ती झोपते. आणि नसेल बघायचं तर राहू दे, मी विचारणार नाही.

तुझी,
आई