आईचा एक रिपोर्ट निगेटिव्ह, दुसरा पॉझिटिव्ह. टीबीच्या लॅबना कोण तपासतं?

तुम्ही लिहिलंय की आईला महिनाभर खोकला होता. घराजवळच्या सरकारी केंद्रात थुंकी तपासली ती निगेटिव्ह आली आणि आठ दिवसांनी खासगी लॅबमध्ये सीबीनॅट, म्हणजे मशीनवर होणारी टीबीची चाचणी, केली ती पॉझिटिव्ह. आता यातली खोटी लॅब कोणती, आणि या लॅबवर कुणाचं लक्ष तरी असतं का, हा तुमचा प्रश्न.

मी सतरा वर्षं मुंबईच्या पूर्व उपनगरांत टीबीच्या लॅबची सुपरवायझर होते. स्लाइड तपासणाऱ्यांना तपासणं हेच माझं काम. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी आईचं. कोणतीही लॅब खोटी नसेल अशी शक्यता बरीच मोठी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू दिसायचा तर एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात. मधल्या पट्टीत जो रुग्ण बसतो, त्याची स्लाइड निगेटिव्ह आणि मशीन पॉझिटिव्ह येणारच. म्हणून पहिल्या रिपोर्टच्या भरवशावर दुसरा बाजूला टाकू नका, डॉक्टरांकडे जा. आईला पूर्वी कधी टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना ते सगळ्यात आधी सांगा. सीबीनॅट जंतूचा डीएनए शोधते; तो जिवंत जंतूचा की मेलेल्या, हे तिला कळत नाही.

आता स्लाइडचं. काचेवर पसरलेला बेडक्याचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, दोन बाय तीन सेंटिमीटरचा असतो. त्यावर ऑइल लेन्समधून दिसणारी गोल चकती, म्हणजे एक फील्ड, इतकी लहान असते की अख्ख्या स्मिअरमध्ये अशी दहा हजारांहून जास्त फील्ड मावतात. नियम शंभर बघायचा. म्हणजे नियमाने काम करणारा टेक्निशियनसुद्धा स्मिअरचा एक टक्काही पाहत नाही. रंगवलेल्या स्लाइडवर टीबीचा जंतू लाल काडीसारखा दिसतो. शंभर फील्डमध्ये एकही लाल काडी नसेल तर निगेटिव्ह, एक ते नऊ दिसल्या तर स्कँटी, म्हणजे तुरळक, दहा ते नव्याण्णव असतील तर वन प्लस, म्हणजे पॉझिटिव्ह. शंभर फील्ड नीट बघायला किमान पाच मिनिटं लागतात, आणि एका माणसाने दिवसाला वीस-पंचवीसच्या वर स्लाइड बघू नयेत असा दंडक आहे. ओपीडीत रांग वाढली की आधी ही पाच मिनिटं आटतात. मी केंद्रात गेले की रजिस्टर उघडून पहिल्यांदा तेच बघायची: काल किती स्लाइड झाल्या आणि त्या बघणारा माणूस एकटा होता का.

पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चूक लॅबच्या दाराबाहेर होते. आपण बोर्डावर ‘थुंकी तपासणी’ लिहितो, आणि माणूस प्रामाणिकपणे थुंकी आणून देतो. पातळ, फेसाळ लाळ. त्यात जंतू कुठून येणार? हवा असतो तो बेडका: छातीतून खाकरून काढलेला, घट्ट, पिवळट. डबी हातात देताना ‘थुंकी नको, बेडका द्या’ एवढं म्हणणारं माणूस ज्या केंद्रात असतं, तिथले निकालच वेगळे येतात. आईच्या पहिल्या रिपोर्टवर नमुन्याच्या वर्णनात ‘लाळ’ लिहिलंय का ते जरूर बघा.

लक्ष कुणाचं असतं, तर तीन प्रकारे असतं. सुपरवायझर दर महिन्याला केंद्रात जाऊन रंग, अ‍ॅसिड, सूक्ष्मदर्शक, रजिस्टर सगळं पाहतो. वरच्या प्रयोगशाळेकडून अधूनमधून आधीच निकाल माहीत असलेल्या स्लाइड परीक्षेसाठी येतात. पण माणसाला कळतं की ही परीक्षा आहे, आणि त्या दिवशी तो शंभरऐवजी तीनशे फील्ड बघतो. म्हणून माझा खरा भरवसा तिसऱ्या प्रकारावर, आंधळ्या फेरतपासणीवर. केंद्रात बघितलेली प्रत्येक स्लाइड, पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, लॅब नंबरच्या क्रमाने खोक्यात जपून ठेवायची असते. दर महिन्याला त्यातल्या काही उचलल्या जातात. कोणत्या उचलणार हे टेक्निशियनला माहीत नसतं. त्या जातात दुसऱ्या भागाच्या सुपरवायझरकडे, आणि त्याला पहिला निकाल माहीत नसतो. दोघांचं जुळलं नाही तर स्लाइड तिसऱ्याकडे जाते. त्याचा शब्द अखेरचा.

यातला एक प्रसंग सांगते, कारण फेरतपासणी कशासाठी आहे हे मला त्यात समजलं.

पावसाळ्याचे दिवस होते. दुसऱ्या भागातल्या एका केंद्राच्या स्लाइड माझ्याकडे आल्या. मी माझ्या नोंदी दिल्या, आणि ताळा केला तेव्हा निघालं की चार स्लाइडवर केंद्राने वन प्लस लिहिलं होतं आणि मी निगेटिव्ह. आमच्या भाषेत ही मोठी चूक: नसलेला आजार दाखवला. चार माणसं विनाकारण सहा महिने औषध खाणार असा त्याचा अर्थ. तिथली टेक्निशियन जुनी, तिच्या नावावर असली चूक आधी कधीच नव्हती. तिला बोलावलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, मी चाळीस मोजले होते. एका फील्डमध्ये तर तीन एकत्र होते.”

वादातल्या स्लाइड तिसऱ्याकडे गेल्या. त्यांनी आधी त्या पुन्हा रंगवल्या. नव्याने फुक्सिन हा लाल रंग, वाफ निघेपर्यंत गरम, अ‍ॅसिड, मग मिथिलीन ब्लू हा निळा रंग. चारपैकी तीन स्लाइडवर निळ्यावर लाल काड्या लख्ख उभ्या राहिल्या. त्यांनी मला बोलावून लेन्सला डोळा लावायला सांगितला. ते तीन एकत्र बसलेले जंतू मला माझ्या डोळ्यांनी दिसले.

झालं होतं असं, की स्लाइडचं खोकं ज्या कपाटात होतं त्याच्या मागच्या भिंतीला ओल होती. दमट, गरम हवेत फुक्सिनचा लाल रंग काही आठवड्यांत फिका पडतो. रंग मुळात कमजोर असेल तर आणखी लवकर. तो लॉट कमजोरच निघाला. फुक्सिनच्या बाटलीवर प्रत्यक्ष रंगद्रव्य किती टक्के आहे ते छापलेलं असतं, ते कमी असेल तर वजन त्या हिशोबाने वाढवायचं असतं. ते वाढवलं नव्हतं, आणि तोच रंग आणखी काही केंद्रांत वाटला गेला होता. तो सगळा परत मागवावा लागला. एका बाईच्या नावावर लागणारी चूक रंगात, भिंतीत आणि माझ्यात होती. माझ्यात अशी, की त्या स्लाइडचा रंग एकूणच उतरलाय हे मला दिसलं होतं, तरी मी शंका न घेता ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळी झाले. मी तिची माफी मागितली. त्यानंतर फिकट स्लाइड पुन्हा रंगवल्याशिवाय मी निकाल लिहिला नाही, आणि फुक्सिनचा कोणताही नवा लॉट एका पक्क्या पॉझिटिव्ह आणि एका पक्क्या निगेटिव्ह स्लाइडवर वापरून बघितल्याशिवाय माझ्या केंद्रांत गेला नाही.

मशीनचं काय, असं तुम्ही विचाराल. सीबीनॅटच्या प्रत्येक काडतुसात, म्हणजे नमुना घालायच्या डबीत, स्वतःची चाचणी असते: नमुना नीट विरघळला का, प्रक्रिया पूर्ण झाली का. नसेल तर मशीन ‘इनव्हॅलिड’ किंवा ‘एरर’ म्हणतं. तो निगेटिव्ह नव्हे, टेस्ट परत करायची. खोली तीस अंशांच्या वर गेली, वीज गेली की हे वाढतं. मुंबईत मे महिन्यात एसी बिघडला तर मशीनचा काय हाल होतो ते मी पाहिलंय. असे फुकट गेलेले निकाल पाच टक्क्यांच्या आत असावेत, म्हणून लॅब दर महिन्याला ते मोजते. मशीनलासुद्धा बाहेरून परीक्षेचे नमुने येतात: मेलेल्या जंतूंचे, वाळवून पाठवलेले.

सगळ्यात अवघड असते कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारी कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून करायची, तपासणी. २०१२च्या जानेवारीत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण मुंबईत सापडल्याचं सांगितलं तेव्हा देशभर खळबळ उडाली. त्याच मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांची बैठक घेतली आणि ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ हा शब्द मान्य केला नाही. एक मोठं कारण प्रयोगशाळेचंच होतं: दुसऱ्या फळीतल्या, म्हणजे नेहमीची औषधं चालेनाशी झाल्यावर द्यायच्या, काही औषधांची तपासणी पुन्हा केली तर तेच उत्तर येईल याची खात्री नव्हती. रुग्ण अतिशय गंभीर होते यात वाद नाही. पण म्हणूनच राष्ट्रीय प्रयोगशाळा या लॅबना नंबर घातलेले जंतू पाठवते, आणि त्यात एकच जंतू दोन वेगळ्या नंबरांखाली दडवलेला असू शकतो. दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर लॅब स्वतःशीच जुळत नाही. मान्यताही एकगठ्ठा मिळत नाही, प्रत्येक तपासणीची वेगळी घ्यावी लागते.

खासगी लॅबला हाच प्रश्न विचारा. दारावर एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, पाटी असली तरी ती मान्यता तुमच्या टेस्टसाठी आहे का, हे त्यांच्या मान्यतेच्या यादीत बघता येतं. विचारायला संकोच करू नका. चांगली लॅब कागद काढून दाखवते. आणि रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका, त्या टेस्टवर केंद्र सरकारने २०१२ सालीच बंदी घातली आहे.

आता उद्याचं काम. औषधाची पहिली गोळी देण्याआधी आईचा आणखी एक नमुना औषधांच्या तपासणीसाठी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरायला सांगा. दोन-तीन खोल श्वास, मग जोरात खाकरून बेडका, चमचाभर तरी. हे गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी करा, मुलांना तेवढा वेळ दुसरीकडे ठेवा. डबी घट्ट बंद करून त्याच दिवशी पोचवा. रुग्णाची निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद करणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. झाली का ते विचारा, सरकारी औषधं त्यावर मोफत मिळतात.

आणि सीबीनॅटचा तो रिपोर्ट आत्ता पुन्हा उघडा. ‘एमटीबी डिटेक्टेड’च्या (टीबीचा जंतू सापडला) पुढे रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाबद्दल काय लिहिलंय? ‘रेझिस्टन्स डिटेक्टेड’, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, असं असेल आणि आईला याआधी टीबी झालेला नसेल, तर ताज्या बेडक्यावर टेस्ट परत करून मागा. तिथे ‘इंडिटरमिनेट’, म्हणजे नक्की सांगता येत नाही, असं असेल किंवा जागा कोरी असेल, तर सकाळी पहिला फोन त्या लॅबला करा.