अल्टरनेटर निकामी, पण इंजेक्टरचा खर्च मालकाच्या माथी: दाद कशी मागावी?

प्रश्न: माझा एकच मालवाहू डिझेल ट्रक आहे आणि तो मी स्वतः चालवतो. वॉरंटीच्या काळातच तो चढावर ओढेनासा झाला. अधिकृत वर्कशॉपने डिझेलमध्ये भेसळ असल्याचे सांगून माझ्या खर्चाने फिल्टर व इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदलले, तरी त्रास गेला नाही. पुढे भरलेला ट्रक रात्री रस्त्यात बंद पडला, तेव्हा अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग) निकामी झाल्याचे निघाले. मी बाहेरून जादा दिवे बसवले असल्याचे कारण देऊन वॉरंटी नाकारण्यात आली. जुना अल्टरनेटर वर्कशॉपमध्येच आहे. माल उशिरा पोचल्याने भाडेही कापले गेले. ही भरपाई मला मिळेल का?

उत्तर: आपली बाजू चांगली आहे, मात्र तिचा भर कशावर ठेवायचा, हे तक्रार लिहिण्याआधी ठरवावे लागेल. वॉरंटी नाकारल्याचा मुद्दा तक्रारीत असेलच, परंतु माझ्या मते मूळ बिघाड न शोधता महागडे भाग बदलले गेले, हे आपले अधिक भक्कम म्हणणे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ती सेवेतील त्रुटी ठरू शकते.

ट्रक व्यवसायासाठी घेतला असल्याने आपण ग्राहकच नाही, असा आक्षेप घेतला जाईल. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी प्रयोजनात मोडत नाही, आणि स्वतः चालवण्यासाठी मालवाहू ट्रक घेणारा ग्राहक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून एकच ट्रक असल्याचे आणि तो आपणच चालवत असल्याचे तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहावे व वाहन चालवण्याचा परवाना जोडावा.

दुसरा युक्तिवाद तांत्रिक असेल: डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, मग अल्टरनेटरचा ताकदीशी संबंध काय? जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांबाबत हे बऱ्याच अंशी खरे होते. कॉमन रेल इंजिनात (ज्यात एका सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, सर्व इंजेक्टरना दाबाखालचे डिझेल मिळते) मात्र इंजेक्टर केव्हा व किती वेळ उघडायचा आणि रेलमध्ये दाब किती ठेवायचा, हे विजेवर चालणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, ठरवतो. 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण 27 ते 28.5 व्होल्ट मिळायला हवेत. अल्टरनेटर कमी पडू लागला की भार बॅटरीवर येतो, व्होल्टेज उतरत जाते, सेन्सरकडून येणाऱ्या माहितीचा भरवसा राहत नाही, ईसीयू बिघाडाचे कोड नोंदवतो आणि अनेक गाड्यांत इंजिनाची ताकदच मर्यादित करतो. भेसळीच्या डिझेलनेही गाडी ओढत नाही, त्यामुळे केवळ लक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही. पण मल्टिमीटर लावून चार्जिंग पाहणे हे काही मिनिटांचे काम आहे, आणि इंजेक्टरला हात लावण्यापूर्वी ते केले होते का, डिझेलचा नमुना तपासला होता का, हेच प्रश्न ग्राहक आयोगापुढे ठेवायचे आहेत.

म्हणून आजच वर्कशॉपला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून जुना अल्टरनेटर जपून ठेवण्याची मागणी करावी. प्रत्येक जॉब कार्डाची (वर्कशॉपमधील कामाच्या नोंदपत्राची) प्रत आणि स्कॅनरवर आलेल्या कोडचा अहवालही त्याच नोटिशीत मागावा. जॉब कार्डावर ग्राहकाच्या तक्रारीचा रकाना असतो. त्यात आपली तक्रार पहिल्या भेटीपासून नोंदलेली असेल, तर तो कागद फार मोलाचा ठरेल. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग कलम 38 खाली वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्यासाठी ती वस्तू शिल्लक असायला हवी. मोबाइलमधील फोटो व संदेश पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

जादा दिव्यांचा मुद्दा मात्र हलका समजू नका. दिव्यांमुळेच अल्टरनेटर गेला, हे तसे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे असते; परंतु वॉरंटी पुस्तिकेत बाहेरून केलेल्या वायरिंगबद्दल स्पष्ट अट असेल, तर आपल्याला दिव्यांचा एकूण भार किती होता, जोडणी कोठून घेतली होती आणि फ्यूज होता का, याचे उत्तर द्यावे लागेल. स्वतंत्र ऑटो इलेक्ट्रिशियनकडून याचा लेखी अहवाल घ्यावा. विजेच्या भागांची वॉरंटी त्या भागाच्या उत्पादकाकडे सोपवलेली आढळली, तर त्यालाही पक्षकार करावे.

इंजेक्टरचा खर्च मिळण्याची शक्यता मला चांगली वाटते. बुडालेल्या भाड्याबाबत तसे खात्रीने म्हणता येत नाही, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम 73 नुसार नुकसान व्यवहाराच्या स्वाभाविक ओघात झालेले, किंवा करार करतानाच दोन्ही पक्षांना ठाऊक असलेले, असावे लागते. भाडेकपातीचे पत्र व त्या फेरीची बिल्टी (माल वाहतुकीची पावती) जोडावी. ही मागणी ग्राहक संरक्षण कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या (सदोष उत्पादनाने झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या) प्रकरणाखाली करू नये. तेथील हानीच्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे नुकसान आणि आर्थिक तोटा स्पष्टपणे वगळलेला आहे. सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी हेच आधार घ्यावेत.

मोबदल्याची, म्हणजे वस्तू वा सेवेसाठी आपण दिलेल्या किमतीची, रक्कम 50 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. वादाचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. पहिल्यांदा इंजेक्टर बदलल्याच्या तारखेपासून ती मोजणे सुरक्षित ठरेल, आणि वर्कशॉपशी पत्रव्यवहार चालू आहे एवढ्याने ती थांबत नाही.