नॅनोतंत्रज्ञानाचा औषधोपचारात खरोखर उपयोग होतो का, की तो केवळ जाहिरातीतला शब्द आहे?

उपयोग निश्चित होतो, आणि अशाच एका औषधासाठी 2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील कितीतरी कुटुंबांनी वणवण केली होती. कोविडनंतर म्युकरमायकोसिस (‘काळ्या बुरशी’चा संसर्ग) झालेल्या रुग्णांना दिले जाणारे लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी हे नॅनोकणांच्या रूपातलेच औषध आहे. मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करतो आणि त्या काळात ही इंजेक्शने रोज हाताळत होतो, म्हणून त्याच अनुभवावरून लिहितो.

मूळ अँफोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या स्निग्ध घटकाला चिकटून पटलाला छिद्रे पाडते. परंतु आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉल त्याच्याशी मिळतेजुळते असल्यामुळे मार आपल्यालाही बसतो, विशेषतः मूत्रपिंडांना. शिवाय औषध चढवताना हुडहुडी भरून ताप येणे नेहमीचेच. लायपोसोममध्ये हेच औषध 100 नॅनोमीटरहूनही लहान अशा स्निग्ध गोलकांच्या भिंतीत बसवलेले असते (आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो). गोलक शाबूत असेपर्यंत औषध रक्तात फारसे मोकळे होत नाही, त्यामुळे मूत्रपिंडांची हानी बरीच कमी होते. तरीही रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम तपासत राहावेच लागते.

50 मिलिग्रॅमच्या कुपीत 12 मिली निर्जंतुक पाणी घालून ती अर्धा मिनिट जोराने हलवली की पिवळसर, धूसर द्रव तयार होतो. तो गाळून केवळ डेक्स्ट्रोजमध्येच (साखरेच्या सलाइनमध्ये) मिसळायचा, कारण मिठाच्या सलाइनमध्ये औषधाचा साका होतो. किलोमागे 5 मिलिग्रॅम या हिशेबाने 60 किलोच्या रुग्णाला दिवसाला सहा कुप्या लागतात, आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. तुटवडा का पडला, हे यावरून लक्षात यावे.

मला विशेष अभिमान याचा वाटतो की मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या सहकार्याने या औषधाचे भारतीय रूप 2021 च्या तुटवड्याच्या कितीतरी आधी विकसित केले होते.

कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनचे लायपोसोमल रूप तर अमेरिकेत 1995 मध्येच मान्य झाले. त्याने हृदयाला होणारा अपाय घटतो, मात्र तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास वाढतो.

आपल्या घरी कुणाला यांपैकी औषध सुरू असेल, तर चिठ्ठीवर ‘लायपोसोमल’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे ना, हे आवर्जून पाहा. साध्या अँफोटेरिसिनची मात्रा किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. लायपोसोमलच्या मात्रेत ते चुकून दिले गेले, तर हृदय बंद पडू शकते.