सासूबाईंचा मेडिक्लेम सोडून सप्लिमेंट घ्यावेत का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात सांगतो. घरात चौघं, हातात ८२,००० येतात. सासूबाई ७१ वर्षांच्या, शुगर आहे, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. त्यांच्या ५ लाखांच्या मेडिक्लेमचं रिन्यूअल ४१,००० आलंय. नणंद एका डायरेक्ट सेलिंग (दुकानाऐवजी मेंबरांमार्फत माल विकणाऱ्या) कंपनीत आहे, तिच्याकडून महिन्याला ६,४०० चे सप्लिमेंट घरात येतात, आणि आता तिचं म्हणणं असं की मेडिक्लेम सोडा, ते पैसे प्रिव्हेन्शनवर घाला, कंपनीचा मेंबर आयडी घेतलात तर २० टक्के डिस्काउंटपण मिळेल. ताई विचारतात, करू का?

ताई, नका करू. मी तर म्हणेन बरोबर उलटं करा.

आधी ६,४०० चं काय होतंय ते बघू, कारण महिन्याचा आकडा छोटा वाटतो पण वर्षाचे ७६,८०० होतात, म्हणजे ज्या मेडिक्लेमला तुम्ही महाग म्हणताय त्याच्या जवळजवळ दुप्पट. तुम्ही पाठवलेली यादी अशी: तिघांच्या मल्टीव्हिटॅमिनचे १,५००, ओमेगा-३ चे ९००, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन १,१००, तुमचं बायोटिन आणि कोलॅजन १,७००, नोनी ज्यूस १,२००. मी डॉक्टर नाही, गोळी कुठली घ्यायची ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण म्युच्युअल फंड निवडताना आपण जसा मागचा रेकॉर्ड बघतो तसा या प्रत्येक डब्याचा बघता येतो, आणि तो बघायला डॉक्टर असावं लागत नाही.

ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन डी यांच्यावर अमेरिकेत व्हायटल नावाची मोठी ट्रायल झाली, २५,८७१ लोक, पाच वर्षांच्या वर, निकाल २०१८ मध्ये आले. सर्वसाधारण माणसांमध्ये कॅन्सर किंवा हार्ट अटॅक-स्ट्रोक वगैरे धरून मोठे हृदयविकार लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत, ना डी ने ना ओमेगाने. ग्लुकोसामाइनवर २००६ ची एक ट्रायल आहे, गुडघेदुखीचे दीड हजारावर पेशंट, एकूणात औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नाही. मल्टीव्हिटॅमिनबद्दल अमेरिकेच्या प्रिव्हेन्शन टास्क फोर्स या तज्ज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये सांगितलं की कॅन्सर-हृदयविकार टाळण्यासाठी घ्या किंवा घेऊ नका असं काहीच म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं) त्यासाठी घेऊच नका म्हणून स्पष्ट सांगितलं. याला कारण आहे. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर ट्रायल झाली होती, तिचा निकाल १९९४ मध्ये आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. म्हणजे "फायदा नाही झाला तर नुकसान तरी काय" हे आपल्याकडचं आवडतं वाक्य दर वेळी खरं नसतं. नोनी ज्यूससाठी तर मोठे, भरवशाचे प्रयोगच नाहीत, वर त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि किडनी कमजोर असेल तर ते नीट बाहेर टाकलं जात नाही. शुगरवाल्या माणसाची किडनी आधी तपासलेली असावी, मग असले ज्यूस.

आणि तुमचं बायोटिन. केसांसाठी घेताय, ठीक आहे, पण तुम्ही थायरॉइडची टेस्ट करता असंही लिहिलंय. बायोटिनचा मोठा डोस चालू असेल तर थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ मध्येच हा इशारा दिला होता. पुढच्या टेस्टच्या आधी किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

आता दुसरी बाजू, कारण सगळ्याच गोळ्या निरुपयोगी असं मी म्हणत नाहीये. प्रेग्नन्सीच्या आधी आणि सुरुवातीला फॉलिक अ‍ॅसिड, याचा पुरावा इतका पक्का आहे की त्यावर वाद नाही. बी-१२ पण तसंच. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुरुषांची तपासणी केली तेव्हा साधारण दोन तृतीयांशांमध्ये बी-१२ कमी निघालं. त्यात तुमचं घर शाकाहारी, सासूबाई वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनवर, आणि मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं. गंमत बघा, यादीत वेगळं बी-१२ नाहीच, आणि ज्या टेस्टवरून सगळं ठरायला हवं ती टेस्ट कधी केलेलीच नाही. बी-१२, डी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) एवढं चौघांचं करून घ्या, जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर प्रिव्हेंटिव्ह चेकअपचे ५,००० पर्यंत वजावटीत धरता येतात, सप्लिमेंटच्या बिलावर तसं काही मिळत नाही. जे कमी निघेल तेवढंच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्या, जनऔषधीत किंवा साध्या मेडिकलमध्ये ते कितीतरी स्वस्त पडतं.

टेस्ट आणि लागतील त्या गोळ्या मिळून महिन्याला सरासरी १,००० धरा. राहिले ५,४००, वर्षाचे ६४,८००. त्यातून मेडिक्लेमचे ४१,००० गेले तरी २३,८०० हातात राहतात, ते इमर्जन्सी फंडात टाका.

मेडिक्लेम का सोडायचा नाही, तर सासूबाईंची पॉलिसी तुम्ही सहा वर्षं न चुकता चालवली आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीच्या आजाराचं वेटिंग, म्हणजे त्याचा क्लेम मिळायच्या आधी थांबायचा काळ, जास्तीत जास्त ३ वर्षं, आणि सलग ५ वर्षं झाली की फ्रॉड सोडून "तुम्ही माहिती लपवली" म्हणून क्लेम अडवता येत नाही. म्हणजे अवघड टप्पा तुम्ही पार केलाय, आणि पॉलिसीचा खरा उपयोग आता आहे. आत्ता सोडली आणि उद्या परत घ्यावीशी वाटली तर ७१ व्या वर्षी शुगरसकट कोण देणार, आणि दिलीच तर वेटिंग पहिल्यापासून. प्रीमियम मात्र तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, तेव्हा ४१,००० मध्ये तो लावला नाही ना ते बघा, आणि २०२५ पासून साठीच्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं. मागच्या वर्षीचा आकडा तुम्ही दिला नाही, वाढ त्याहून जास्त असेल तर लेखी विचारा.

नणंदेचा विषय नाजूक आहे, कळतंय. आयडीचं गणित सोपं आहे, २० टक्के डिस्काउंट म्हणजे १,२८० वाचतात, पण ५,१२० खर्च करत राहिलात तरच. आणि "खाली चार जण जोडा, तुमचं सामान फ्री पडेल" असं कोणी म्हणत असेल तर २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांत गिऱ्हाइकाला असं सांगून माल विकायला मनाई आहे. एखादी वस्तू आवडते म्हणून तिच्याकडून घ्या, कोलॅजन घ्या हवं तर, मी अडवत नाही, पण ते हौसेच्या खर्चात लिहा, आरोग्याच्या नाही. तिला सांगायचं तर डब्यावर अन्न नियामक एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे औषध म्हणून वापरासाठी नाही असं छापलेलं असतं, ते तिलाच वाचायला सांगा, मिस्टरांच्या समोर.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नव्हतं. सासूबाई ७० च्या पुढे आहेत, तेव्हा उत्पन्न काहीही असलं तरी केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांचं कव्हर, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. योजनेतल्याच हॉस्पिटलमध्ये वापरता येतं, म्हणून त्याच्या भरवशावर पॉलिसी सोडू नका, पण आधारवर ई-केवायसी करून कार्ड काढून ठेवा आणि नाशिकमधली कुठली हॉस्पिटलं त्यात आहेत ती यादी बघून घ्या. रिन्यूअलची तारीख गेली असेल तर ग्रेस पिरियड ३० दिवसांचा असतो, पण मधल्या दिवसांत काही झालं तर क्लेम मिळणार नाही, त्यामुळे पैसे या आठवड्यातच भरा.