लोकलमध्ये विणायचं तर सुई कोणती?

प्रश्न : मावशी, मी डोंबिवलीला राहते आणि नोकरीला सीएसएमटीपर्यंत जाते. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. वहिनीला दिवाळीनंतर बाळ व्हायचंय, म्हणून बाळंतविड्यातलं झबलं-टोपडं लोकलमध्येच विणून टाकू असं ठरवलं. सुया आईच्या आहेत, ॲल्युमिनियमच्या, चांगल्या हातभर लांब. परवा शेजारच्या बाईंच्या बरगडीत एक गेली. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पर्स मांडीवरून उचलून आमच्या दोघींच्या मधे उभी केली. दुकानात बांबूच्या, लाकडी, स्टीलच्या, वायरच्या अशा सगळ्या सुया दाखवल्या आणि मी काहीच न घेता परत आले. शिवाय विणून झालं की उजवं मनगट दुखतं, ते वेगळंच. काय घेऊ?

उत्तर : अगं, त्या बाईंचे आभार मान, पर्सच मधे ठेवली. माझ्या आईनं मला अशाच लांब सुयांवर शिकवलं. त्या ३५ सेंटिमीटरच्या असतात. दोन्ही हात छातीसमोर आले की दोन्ही सुयांची मागची टोकं डावी-उजवीकडे बाहेर येतात, म्हणजे विणणारीला दोन माणसांची जागा लागते. तुला चौथी सीट मिळाली तर अर्ध्या माणसाची जागा. हे गणित कुठल्याच लांब सुईनं सुटायचं नाही, मग ती बांबूची असो की चंदनाची.

तू वायरची सुई घे. दोन आखूड सुया आणि त्यांना जोडणारी लवचीक वायर. दुकानदार तिला ‘सर्क्युलर’ म्हणेल आणि ती गोल विणायची, टोपीची सुई आहे असंही सांगेल. त्याचं अर्धंच ऐक. त्या सुईवर सपाट विणकाम अगदी नेहमीसारखं होतं. ओळ संपली की काम उलटायचं, डाव्या हातातलं टोक उजव्यात घ्यायचं, पुढची ओळ सुरू. कोपर अंगालगत राहतं, टोकं मांडीच्या बाहेर जात नाहीत.

मला हे फार उशिरा कळलं. नाशिकहून पुण्याला एसटीनं येत होते, मांडीवर धाकट्याच्या स्वेटरची बाही. संगमनेरच्या आसपास गाडीनं ब्रेक मारला आणि रिकामी सुई हातातून निसटून सीटखाली घरंगळत पार पुढे गेली. दुसऱ्या सुईवर ४८ टाके होते. मी वाकून शोधायला गेले आणि गुडघ्याच्या धक्क्यानं तीही बाहेर आली. ४८ टाके उघडे, लोकर पांढरी आणि गाडी हलतेय! पलीकडच्या सीटवर शाळेतला एक मुलगा होता, त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि एकेक टाका तिच्यावर चढवला. सात टाके खाली उतरले होते, ते घरी येऊन क्रोशाच्या सुईनं उचलले. शिवाजीनगरला सगळे उतरल्यावर कंडक्टरनं सुई शोधून दिली, वर “काकू, हे काय हत्यार?” असंही विचारलं. वायरच्या सुईचा मोठा गुण हाच, की एक टोक हातातून सुटलं तरी ते कामालाच लटकलेलं राहतं.

आता लांबी. पाकिटावर सेंटिमीटर लिहिलेले असतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वायर धरून. तू ६०ची घे. ४०ची सुई टोप्यांसाठी असते, तिची टोकं इतकी आखूड की तळहातात रुततात आणि करंगळीला धरायला काही उरत नाही. मोठ्यांचा स्वेटर घेशील तेव्हा ८०ची. चार प्लायच्या, म्हणजे बारीक, बाळलोकरीला आपल्याकडे दहा नंबर चालतो, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर.

बांबू की स्टील, हे मात्र तुझ्या हातावर आहे. आज घरी एक ओळ विण आणि टाके सुईवरून बोटानं पुढे ढकलून बघ. सरसर सरकले तर तुझा हात सैल आहे, तुला बांबू किंवा लाकूड बरं. टाका सुईला धरून राहतो, गाडी हलली तरी निसटत नाही. ढकलताना टाके चूं-चूं करत असतील, प्रत्येक टाक्यात सुई घुसवावी लागत असेल, तर तू घट्ट विणतेस. मनगटाचं दुखणं बहुधा तिथलंच. अशा हाताला गुळगुळीत स्टीलची सुई द्यावी. डोंबिवलीच्या मे महिन्यात घामेजल्या हातांनी, ॲक्रिलिकच्या लोकरीनं, बांबूवर घट्ट विणणं म्हणजे ओल्या दोरीनं पाणी शेंदणं. पावसाळ्यातही तेच. उलट पुण्याच्या डिसेंबरात सकाळी सहाला स्टीलची सुई हातात धरवत नाही, तेव्हा मी स्वतः लाकडी काढते.

बारीक नंबरात बांबू घेऊ नकोस, एवढं नक्की. बारा नंबरची, पावणेतीन मिलिमीटरची माझी बांबूची सुई पर्सवर कुणीतरी बसल्यावर मोडली. त्या ‘कुणीतरी’शी माझं लग्न होऊन ३४ वर्षं झाली. रंगीत लाकडी सुया मिळतात, त्या बर्चच्या पातळ थरांना चिकटवून केलेल्या असतात, साध्या बांबूपेक्षा थोड्या दमदार. आईच्या ॲल्युमिनियमच्या सुया टाकू नकोस, पण पांढऱ्या झबल्याला वापरू नकोस. घासल्या गेलेल्या जुन्या सुया लोकरीला राखाडी छटा देतात, मी एक अख्खं दुपटं तसं मळवलंय.

दुकानात सुई हातात घेतलीस की एक गोष्ट डोळे मिटून बघ. सुई आणि वायर जिथे जोडलीय तिथून नख फिरव. नख अडलं तर टाकाही अडणार, दर ओळीला, साठ वेळा. ती सुई परत ठेव. मग टोक बघ. तू उजवी तर्जनी टोकावर दाबून सुई मागे ढकलतेस का? मी ढकलते. माझ्या बोटाला तिथे कायमचा एक बारीक घट्टा आहे आणि फार अणकुचीदार सुई घेतली की तो फुटतो. तशी सवय असेल तर बोथट टोक बरं. जाळीदार नक्षीला मात्र बोथट सुई कामाची नाही, दोन टाके एकत्र घेताना ती आत शिरतच नाही.

टोकं बदलता येणारे संच दिसतील, डबीसकट, मोहात पाडणारे. पहिल्या खेपेला नको. त्यांचा आटा प्रवासात सैल पडतो, आणि सोबतची बारीक किल्ली लावून तो आवळायला विसरलीस की टोक एकीकडे, वायर दुसरीकडे. आधी एक साधी सुई वापरून हात कुठे बसतो ते कळू दे.

मनगटासाठी अजून एक. लांब सुयांवर जसजसं काम वाढतं तसतसं त्याचं वजन सुयांवर, म्हणजे मनगटावर लटकतं. वायरच्या सुईवर ते मांडीवर बसतं. तरीही ठाण्याला एकदा आणि दादरला एकदा हात खाली सोड, खांदे सैल कर. आठवड्याभरात दुखणं कमी नाही झालं, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखव. झबलं आठ दिवस उशिरा झालं तरी बाळाला कळणार नाही.

स्टेशन आलं की टाके ढकलून वायरवर घे आणि दोन्ही टोकांना खोडरबराचा एकेक तुकडा खोच. चष्म्याच्या जुन्या घरात सगळं मावतं.

प्रश्न : ताई, अमेरिकेतल्या भाचीनं माझ्यासाठी सुंदर लाकडी सुया आणल्या, ८ नंबरच्या. माझ्या जुन्या वहीतल्या नमुन्यातही ८ नंबरच लिहिलाय. तरी यजमानांचा स्वेटर इतका ढगळ झाला की त्यात दोघं बसतील. वीस वर्षं मी हाच नमुना विणतेय. चुकलं कुठे? (सातारा)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, आकड्यानं दगा दिला. आपल्या जुन्या वह्यांतले नंबर इंग्रजी पद्धतीचे. त्यात नंबर चढतो तशी सुई बारीक होते, १४ नंबर म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. अमेरिकेत बरोबर उलटं, नंबर चढला की सुई जाड. आपली ८ नंबर म्हणजे चार मिलिमीटर आणि त्यांची ८ नंबर म्हणजे पाच. त्यांच्याकडची ६ नंबर मागवली असती तर नेमकी बसली असती. गंमत म्हणजे ७ नंबर दोन्हीकडे साडेचारच मिलिमीटर, तिथे दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडून जातात.

एका मिलिमीटरनं एवढा फरक? होतो. समजा नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके हवेत आणि तुमचे २० आले. ११० टाक्यांचा पुढचा भाग ५० सेंटिमीटरऐवजी ५५ होतो, मागचाही तसाच. घेरात १० सेंटिमीटर वाढले, आणि हे दहा सेंटिमीटरमागे फक्त दोन टाके कमी पडल्यावर. तुमचे त्याहून कमी आले असणार.

यापुढे नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा. सुईवर छापलेले पुसले असतील तर भोकांची मापपट्टी मिळते. ती नसेल आणि घरात कुणी वर्कशॉपमध्ये काम करणारं असेल तर त्याचं व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, मागा. आणि सुई बदलली की एक वीतभर तुकडा विणून टाके मोजायचे, माप तेच असलं तरीही. चार मिलिमीटरच्या स्टीलवर आणि चार मिलिमीटरच्या लाकडावर माझाच हात वेगळा पडतो. एकदा पुढचा भाग एका सुईवर, मागचा दुसरीवर विणला आणि शिवताना कडा जुळेनात.

तो स्वेटर उसवा. दोघांना बसतोय हे यजमानांना आवडलं असेल तर राहू द्या.

प्रश्न : माझं वय ७४. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. सून म्हणते, त्या लांब सुया टाकून द्या आणि नवीन वायरच्या घ्या. मला त्या जमत नाहीत, हात रिकामा वाटतो. माझी सुई काखेत धरायची सवय आहे. (कोल्हापूर)

उत्तर : काकू, तुम्हाला लोकल पकडायची नाही. सुनेचं मन राखायला वायरची सुई घेऊन ठेवा, विणा मात्र लांब सुईवरच. काखेत धरलेली सुई स्थिर राहते आणि तिचा भार हातावर पडत नाही, ही सवय अडाणीपणाची अजिबात नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथल्या बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधायच्या. पट्ट्याच्या पुढे घोड्याचे केस भरलेली, भोकं पाडलेली गादी असायची, तिच्यात सुईचं एक टोक खोचायचं. पाठीवर जळणाची टोपली आणि चालता चालता विणकाम! तुमची काख तेच काम करतेय.

बदलायची ती जाडी. अंगठ्याला त्रास देते ती बारीक सुई, कारण ती चिमटीत दाबून धरावी लागते. पाच किंवा चार नंबर, म्हणजे साडेपाच-सहा मिलिमीटर, आणि तीही लाकडी किंवा प्लॅस्टिकची घ्या, हलकी असते. या जाडीत धातूची सुई जड पडते. लोकरही जाडच लागेल. मोजे, बाळाची टोपडी आता दुसऱ्यांना विणू द्या, तुम्ही मफलर आणि शाली करा. टोपड्यांचं मला वाईट वाटतं, मलाही एक दिवस ती सोडावी लागतील. अंगठा सुजला असेल तर तो दिवस सुट्टीचा.

प्रश्न : नवीन वायरची सुई आणली, पण वायर स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते, टाके पुढे जाईनात. बदलून आणू का? (नाशिक)

उत्तर : बदलू नका. पाकिटात महिनोन् महिने वळून पडलेली असते बिचारी. वाडग्यात कढत पाणी घ्या, फक्त वायर बुडवा, लाकडी टोकं आणि जोड बाहेर ठेवा. मिनिटभरानं काढून दोन्ही टोकं धरून ताणा आणि गार होईपर्यंत तशीच धरून राहा. हात दुखला तर खुंटीला टांगून खालच्या टोकाला कपड्याचा चिमटा लावा.