ताप आला तर आधी गोचीड सांगा

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. वेणी घालताना तिच्या कानामागे टम्म फुगलेला गोचीड दिसला. सासूबाई म्हणाल्या, रॉकेलचा बोळा लाव, आपोआप सुटेल. मला धीर धरवेना, मी चिमट्याने ओढून काढला. आता तिथे काळा ठिपका आहे, भोवती थोडी लाली आहे. तोंड आत राहिलं तर विष चढतं का? अँटिबायोटिक सुरू करू का? घरात कुत्रा आहे.
– एक आई

उत्तर : धीर धरवला नाही ते बरंच झालं. रॉकेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी, सगळे उपाय मी दवाखान्यात ऐकले आहेत. त्यांनी गोचीड सुटेल याची वाट बघण्यात वेळ जातो आणि तेवढा वेळ तो चिकटून राहतो. रोगजंतू अंगात शिरतात ते त्याच्या लाळेतून, म्हणून तो लवकर निघणं महत्त्वाचं. पुढच्या वेळी बारीक टोकाचा चिमटा घ्या, पोटाला न धरता अगदी कातडीलगत धरा आणि न पिळता, झटका न देता सरळ वर ओढा. मग जागा आणि हात साबणाने धुवा. नखाने चिरडायचा मोह होतो, तो आवरा.

ठिपका म्हणजे बहुधा सोंडेचा तुकडा. त्याने विष चढत नाही. चिमट्याने सहज आला तर काढा, नाहीतर राहू द्या, कातडी त्याला बाहेर टाकते. सुईने टोकरू नका, त्यानेच पू होतो. पहिल्या एक-दोन दिवसांतली छोटी लाली चाव्याचीच असते.

अँटिबायोटिक आत्ता नको. गोचीड चावला म्हणून सरसकट औषध देत नाहीत. त्याऐवजी कॅलेंडरवर तारखेला खूण करा आणि महिनाभर लक्ष ठेवा. ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ, विशेषतः मनगट, घोटे, तळहात-तळपायांवर, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि पहिलं वाक्य हेच बोला : ‘हिला अमुक तारखेला गोचीड चावला होता.’ दोन आठवड्यांनी ताप येतो तेव्हा आई-बाप पावसात भिजणं सांगतात, शाळेतली सर्दी सांगतात, गोचीड सांगत नाहीत. मग व्हायरल समजून दिवस जातात. कुत्र्यावरच्या गोचिडांमुळेही होणारा रिकेट्सिया नावाच्या जंतूंचा ताप डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने आटोक्यात येतो, पण ते संशयावरच, रिपोर्टची वाट न बघता सुरू करावं लागतं. दात पिवळे होतील म्हणून नाही म्हणू नका. थोड्या दिवसांच्या कोर्सने लहान मुलांच्याही दातांवर डाग पडत नाहीत.

इंटरनेटवर लाइम आजाराबद्दल वाचून घाबरला असाल. हे नाव अमेरिकेतल्या लाइम गावावरून पडलं. 1970च्या दशकात तिथल्या बऱ्याच मुलांचे सांधे सुजले होते. पण तो पसरवणारे गोचीड वेगळ्या जातीचे, आणि लागण व्हायला ते साधारणपणे 24 तासांहून अधिक चिकटून राहावे लागतात.

एक गोष्ट मात्र क्वचित घडत असली तरी माहीत हवी. ताप नसताना मूल अडखळू लागलं, पायांतली ताकद गेली आणि अशक्तपणा वर सरकू लागला, तर ताबडतोब रुग्णालयात न्या, कारण श्वासावरही परिणाम होऊ शकतो. तिथे केस विंचरून गोचीड आहे का ते बघायला सांगा. काही गोचिडांच्या माद्यांच्या लाळेतल्या विषाने असा लुळेपणा येतो. लांब केसांत मादी लपून राहते, म्हणून मुलींमध्ये तो जास्त दिसतो. बहुतेक वेळा मादी काढली की ताकद परत येऊ लागते.

आज रात्री मुलीचं सगळं अंग तपासा : केस, कानामागे, काखा, बेंबी, जांघा, गुडघ्यांमागे. पिल्लं खसखशीएवढी असतात, तेव्हा उजेड भरपूर हवा. आणि कुत्र्याला पशुवैद्याकडे न्या. माणसांचं किंवा गुरांचं औषध त्याच्यावर परस्पर फवारू नका, मुलगी त्यालाच मिठी मारणार आहे.